भुकेल्या रंगाचा शर्ट

"हात आडवा धर! खांद्याच्या रेषेत! आता लाव सगळी ताकद, गड्या, राखून ठेवू नकोस!"

गावात नुकत्याच उतरलेल्या रंगगुरूने आरोळी ठोकली आणि बेसबॉलच्या मैदानावरची झाडून सगळी गर्दी पुढे सरकली. सामना सुरू व्हायची वेळ टळून गेली होती, पण सामना कुणाला हवा होता? पहिल्या बेसवर खेळणारा आडदांड गडी, ज्याला सगळे पैलवान म्हणत, उजवा हात आडवा ताणून उभा होता. रंगगुरूने त्याच्या डाव्या हातात फिक्या निळ्या कापडाचा एक तुकडा दिला. मग दोन बोटांनी, फक्त दोन बोटांनी, त्याचा ताणलेला हात खाली दाबला. हात गेला की खाली! पैलवान डोळे फाडून स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला.

"आता हे धर." फिकं कापड गेलं, काळं कापड आलं. ह्या खेपेला रंगगुरू दोन्ही हातांनी त्या हाताला लोंबकळला, दात-ओठ खाल्ले, तोंड लालबुंद केलं. हात तसूभरही हलला नाही.

"बघितलंत?" रंगगुरू धापा टाकत गर्दीकडे वळला. "फिका रंग म्हणजे भुकेला रंग! गडद रंग म्हणजे जेवून तृप्त झालेला रंग! भुकेला रंग काय करतो? समोरच्याची ताकद खातो, नजर खातो, नशीब खातो! आणि आपल्या मैदानावर, बरोब्बर मधोमध, हा भुकेला रंग अंगात घालून कोण उभं राहतं?"

सगळ्या माना एकदम वळल्या. मैदानाच्या कडेला फिक्या निळ्या शर्टातला अंपायर उभा होता. त्याला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

हा अंपायर आठवडाभर शाळेत चित्रकला शिकवायचा आणि सुटीच्या दिवशी सामन्यांत पंचाचं काम करायचा. संघातला सगळ्यात जोरकस फलंदाज टोल्या त्याचा सख्खा भाचा. भाचा हाक मारायचा 'मामा', म्हणून अख्खं गाव त्याला मामाच म्हणायचं. उन्हात काळे शर्ट तापतात म्हणून ह्या हंगामात अंपायर लोकांना फिके निळे शर्ट मिळाले होते. मामाला ते आवडलेही होते. आता त्या बापड्याला काय ठाऊक, की आपण शर्ट नव्हे, संकट अंगात घालतोय!

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. एक अंपायर फलंदाजाच्या पाठीमागे असतो, दुसरा मैदानात. बेस, म्हणजे धावणाऱ्याचे टप्पे, रिकामे असले की मैदानातला अंपायर बाजूला राहतो. पण एखादा धावणारा बेसवर पोचला, की ह्याला आत यावं लागतं, चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या थोडं मागे. म्हणजे फलंदाज मान वर करून बघतो तेव्हा पिचरचा हात आणि त्यामागे अंपायरचा शर्ट, असं त्याला एकत्रच दिसतं. मैदानातली ती जागा मामाची होती.

आणि घडत असं होतं, की बेस रिकामे असले की टोल्या बरा खेळायचा. बेसवर माणूस आला, मामा आत सरकला, की टोल्याची बॅट हवेत फिरायची. एकदा झालं, दोनदा झालं, मग लोक मोजायलाच लागले. त्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं, हेच तर खरं दुखणं होतं. सपशेल खोट्याचा निकाल लवकर लागतो. अर्ध्या खऱ्याशी कोण भांडणार?

रंगगुरूचा खेळ संपल्यावर क्लबच्या सेक्रेटरीने सगळ्यांसमोर मामाला विचारलं, "मामा, तुम्ही चित्रकलेचे. रंगातलं तुम्हाला कळतं. प्रामाणिकपणे सांगा, शर्टाचा त्रास होऊ शकतो की नाही?"

मामाला प्रामाणिकपणाची खोड होती. तो म्हणाला, "थोडा होऊ शकतो. पांढऱ्या कागदावर पांढरा खडू उठत नाही. फिक्या शर्टाच्या पुढून पांढरा चेंडू आला तर क्षणभर हरवतो. पण तसं असेल तर सगळ्यांनाच हरवायला हवा. बाकीचे मारतातच ना? एकट्या टोल्यालाच का दिसत नाही? त्या पोराचे डोळे तपासा."

गर्दीने 'होऊ शकतो' एवढं ऐकलं आणि जल्लोष केला. 'पण'च्या पुढचं कुणाच्या कानातच शिरलं नाही. "कबूल केलं! मामाने स्वतः कबूल केलं!" सेक्रेटरी तर जाम खूश झाला; पाच सामने हरण्याचं कारण त्याला फुकटात सापडलं होतं.

टोल्याची आई मामाची थोरली बहीण. इस्त्रीचं दुकान चालवायची. नवरा लवकर गेला, त्याच इस्त्रीवर तिने मुलाला वाढवलं, आणि त्याआधी आईवडिलांच्या माघारी ह्या धाकट्या भावालाही. तो तिला ताई म्हणायचा, आणि मामाचे केस पांढरे झाले तरी ती त्याला बाळ्याच म्हणायची. आणि बाळ्याला तिच्यापुढे आवाज चढवायची सवय कधी लागलीच नव्हती.

"बाळ्या," ती त्या संध्याकाळी म्हणाली, "महिन्या-दोन महिन्यांत मोठ्या संघाची माणसं निवड करायला येताहेत. माझ्या पोराचं आयुष्य आहे रे. तू शर्ट बदल ना. तुझं काय जातंय?"

खरंच, काय जात होतं? मामाने विचार केला, घालू काळा शर्ट, लोकांची तोंडं बंद होतील, मग शांतपणे पोराला डॉक्टरकडे नेऊ. माणूस शहाणा असला की त्याची चूकही शहाणी असते. पुढच्या सामन्यात बेसवर दोघं होते, मामा काळ्या शर्टात आत आला, आणि पहिल्याच चेंडूवर टोल्याने असा टोला हाणला की चेंडू कुंपणापलीकडच्या छपरावर जाऊन वाजला.

झालं! लोकांनी रंगगुरूला खांद्यावर घेतलं. तासाभरात गावातल्या दुकानांच्या फिक्या पाट्या काढायला सुरुवात झाली. मामा घसा फोडून सांगत होता, "अरे, मागे गडद असलं की चेंडू थोडा उठून दिसतो, एवढंच आहे ते! एका टोल्याने काय सिद्ध होतं?" पण ज्याने स्वतः शर्ट बदलला, त्याचं ऐकतो कोण?

त्यानंतरच्या सामन्यात टोल्या पुन्हा चुकला. मामा काळ्याच शर्टात होता. आता तरी रंगगुरूची बोबडी वळेल असं वाटलं तुम्हाला? छे! तो माणूस पूर्वी घरोघरी पडदे विकायचा. गिऱ्हाईक 'नको' म्हणालं की दुसरा गठ्ठा सोडायचा, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं.

"आतला बनियन कुठल्या रंगाचा आहे?" त्याने विचारलं.

बनियन पांढरा होता. गर्दीने हाय खाल्ली.

बनियन काळा झाला. टोल्या चुकला. मग मोजे निघाले, मग रुमाल. शेवटी रंगगुरूने डोळे मिटून बोट वर केलं. "केस! डोक्यावरच पांढरा रंग वाढतोय, तिथे शर्टाला काय दोष देता?"

ताईने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, म्हणून मामाने केसांना कलप लावला. लावला बाबा, तोही लावला! सामन्यात घाम आला तसा तो कलप कानांवरून ओघळला, आणि वर्गातली पोरं पुढे आठवडाभर फळ्यावर काळ्या कानांचा माणूस काढत होती. टोल्या त्याही दिवशी चुकला. तेव्हा रंगगुरू दुःखाने म्हणाला, "आता रंग ह्यांच्या मनात शिरलाय. मनाला कलप कुठून आणणार?" सेक्रेटरीने मामाला अंपायरच्या कामावरून काढलं आणि मैदानाच्या आत यायची बंदी घातली.

मामाला अपमानाचं फार वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. वाटलं, जिव्हारी लागलं. पण त्याला खरी काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची. दोन वर्षांपूर्वी एक चेंडू टोल्याच्या डाव्या डोळ्यावर बसला होता. डोळा काळानिळा झाला, सूज आली, ओसरली, सगळे विसरले. मामा विसरला नव्हता. आणि अलीकडे टोल्या चहाचा पेला उचलताना तो डावीकडे असला की आधी चाचपायचा. चित्र काढणाऱ्याची नजर अशा ठिकाणी अडकते.

एका दुपारी त्याने टोल्याला मैदानाबाहेर, लाकडी बाकांच्या मागे गाठलं.

"एक काम कर माझं. उजवा डोळा तळहाताने झाक आणि माझ्याकडे बघ. बास. एवढंच."

टोल्या बावीस-तेवीस वर्षांचा, खांद्याने मामापेक्षा दुप्पट. त्याने हात उचलला. तळहात गालापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग हळूच खाली गेला.

"नको मामा."

"का रे?"

"निवड होऊ दे. मग झाकतो."

"म्हणजे तुला माहीत आहे!"

"मला काही माहीत नाही," टोल्या बाकाच्या फळीवर नख ओढत म्हणाला. "शर्टाचं असेल तर शर्ट बदलता येतो. डोळ्याचं असेल तर मी काय बदलू?"

मामाला तेव्हा लख्ख कळलं, की हा शर्ट सगळ्यांच्याच सोयीचा आहे. सेक्रेटरीला हरण्याचं कारण म्हणून हवा, रंगगुरूला पोटासाठी हवा, ताईला झोप लागण्यासाठी हवा, आणि ज्याचा डोळा जातोय त्यालाही, आपला डोळा जात नाहीये असं वाटण्यासाठी हवा. एवढ्या जणांच्या अंगात बसलेला शर्ट एकटा माणूस कसा काढणार? धडधाकट तरुणाचा डोळा काही जबरदस्तीने झाकता येत नाही.

तो तडक ताईच्या दुकानात गेला. हातात तोच फिका निळा शर्ट होता. शाळेत घालावा म्हणून इस्त्रीला आणला होता. दुकानात गरम कापडाचा वास भरला होता. ताई कुणाच्या तरी विजारीवर पाणी शिंपडत होती.

"ताई, त्याचा डावा डोळा अधू होतोय. आज, आत्ता डॉक्टरकडे चल."

"त्याचा डोळा ठणठणीत आहे." तिने फडताळावरून एक छोटी बाटली काढून दाखवली. बाटलीवरचा कागद खरवडून काढलेला होता. "रंगगुरूंचे तेजबिंदू. रोज घालते दोन्ही डोळ्यांत. सकाळी धुळीने डोळे लाल असतात, दोन थेंब टाकले की पांढरेशुभ्र! माझ्या डोळ्यांदेखत होतं, बाळ्या. तुझा तो डॉक्टर असं करून दाखवील का?"

"ह्यात काय आहे ते तरी विचारलंस का?"

"तुला त्याचं चांगलं बघवत नाही." हे ती खालच्या आवाजात बोलली. "लोक म्हणतात ते मी आजवर कानांवर येऊ दिलं नाही. म्हणतात, मामालाच भाचा पुढे गेलेला नकोय."

"ताई!"

तिने त्याच्या हातातला शर्ट ओढून घेतला, फळीवर पसरला आणि तापलेली इस्त्री त्याच्या छातीवर ठेवली. ठेवली, आणि हात काढून घेतला. भावाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. कापडातून आधी वास आला, मग धूर. मामा बघत राहिला. इस्त्री उचलायची हिंमत त्याला झाली नाही. ज्या बाईने आयुष्यभर लोकांच्या कपड्याला साधा डाग पडू दिला नाही, तिने इस्त्री उचलली तेव्हा शर्टाच्या छातीवर पूर्ण इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता.

"घेऊन जा," ती म्हणाली. "आणि पुन्हा माझ्या पोराच्या वाटेला जाऊ नकोस."

मामाने नाना खटपटी केल्या. सेक्रेटरीच्या पायऱ्या झिजवल्या; तो म्हणाला, घरगुती भांडण मैदानावर आणू नका. औषधाच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, बाटली पाहिल्याशिवाय काय सांगू. डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या, रोग्याला घेऊन या. सगळ्यांचं बरोबर होतं, आणि त्या बरोबर असण्याचा टोल्याला काडीचा उपयोग नव्हता.

निवडीचा दिवस उजाडला. रंगगुरूने मैदानावर फिका म्हणून रंग ठेवला नव्हता. अंपायर काळे, कुंपणाला डांबर, प्रेक्षकांनासुद्धा गडद कपड्यांची ताकीद. मामा कुंपणाबाहेर, फटीला डोळा लावून उभा. मोठ्या संघाची दोन माणसं सावलीत खुर्च्यांवर बसली होती. ताई पहिल्या बाकावर, मुठी आवळून.

बेसबॉलमध्ये टोल्यासारखा उजव्या हाताने खेळणारा फलंदाज पिचरकडे डावा खांदा करून उभा राहतो. येणारा चेंडू आधी डाव्या डोळ्याच्या वाट्याला येतो. मामाला हे त्या क्षणी सुचलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

पिचरचा चेंडू सुटला, हातातून निसटून थेट टोल्याच्या अंगावर. असा चेंडू आला की माणूस उडी मारतो, वाकतो, निदान तोंड फिरवतो. लहान मूलसुद्धा हलतं. टोल्या हललाच नाही. तो छान, ऐटीत, बॅट उचलून उभा होता, आणि चेंडू त्याच्या खांद्याच्या हाडावर बसला. आवाज कुंपणाबाहेर ऐकू आला.

गर्दी ओरडली, "हाड मोडलं!" एकटा मामा ओरडत होता, "त्याला दिसला नाही! अरे, त्याला दिसलाच नाही!" बंदी-बिंदी गेली खड्ड्यात, तो कुंपणावरून आत पडला आणि धावत सुटला.

खांद्याचं हाड हॉस्पिटलात बसवलं. ते बसणारच होतं. मामाने हातापाया पडून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना खाली बोलावून आणलं. त्यांनी टोल्याला तपासायला नेलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या ताईसमोर स्टूल ओढूनच बसल्या. डॉक्टर उभं राहून बोलतात तेव्हा बरं असतं.

"जुन्या माराने डाव्या डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाट बिघडली होती," त्या म्हणाल्या. "पाणी तुंबलं की आत दाब वाढतो, आणि तो दाब नजरेची नस मारत जातो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. डाव्या डोळ्याने आता त्याला उजेड-अंधार तेवढा कळतो."

"औषध द्या," ताई म्हणाली. "महाग असलं तरी द्या."

"औषध होतं. थेंबच होते, साधे. पण वेळेवर घालायचे. मेलेली नस जिवंत करणारं औषध माझ्याकडे नाही, बाई. कुणाकडेच नाही."

ताईने पदराच्या गाठीतून ती खरवडलेली बाटली काढली. "मी घालत होते हो थेंब. एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टरीणबाईंनी बाटलीच्या बुडाशी ठोकलेलं बारीक अक्षर भिंगाखाली वाचलं. "हे खरं औषध आहे. दुकानात मिळतं. ह्याने लाली चटकन जाते, डोळा पांढरा दिसतो. आणि डॉक्टरच्या देखरेखीविना रोज घातलं, तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. डावा आधीच बुडत होता, ह्याने त्याला लवकर बुडवलं. उजव्यातही दाब चढलाय. पण तो वाचेल. आज, आत्तापासून हे बंद केलं तर."

"पण शर्ट..." ताईच्या तोंडून निघालं.

"कसला शर्ट?"

मामाने सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"अशा डोळ्याची ताकद जायला लागली की फिक्यावरचं फिकं ओळखणं फार लवकर अवघड होतं," त्या म्हणाल्या. "चांगल्या डोळ्याला त्या शर्टापुढून चेंडू थोडा कमी उठावदार दिसला असेल, पण दिसला असेल. म्हणून बाकीचे मारत होते. ह्याला दिसेना. अहो, सगळ्यात आधी तुम्हाला त्या शर्टाने सांगितलं होतं! तेव्हाच आणलं असतंत तर आज मी उभी राहून बोलले असते."

त्या निघून गेल्या. व्हरांड्यात औषधांचा वास आणि दोघं भावंडं. ताई म्हणाली, "पण हात, बाळ्या? पैलवानाचा हात खाली गेला ना? मी ह्या डोळ्यांनी बघितलं."

मामा उठला. "डोळे मिट. हात आडवा धर." त्याने तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवून दाबलं. आयुष्यभर इस्त्री फिरवलेला तिचा हात, तोही खाली गेला. "आता पुन्हा." ह्या खेपेला त्याने खांद्याजवळ, दंडावर हात ठेवला आणि अंगाचा भार टाकला. हात जागचा हलला नाही.

"कुठलं कापड होतं?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"कापड नव्हतंच. दार कडीजवळ ढकललं तर पोरगंही उघडतं, बिजागरीजवळ ढकललं तर पैलवानाला घाम फुटतो. तो फिक्या कापडाला मनगट दाबायचा, काळ्याला दंड. सगळे कापडाकडे बघत होते, त्याच्या बोटांकडे कुणी बघितलंच नाही."

ताईने डोळे उघडले. "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"त्याने तो खेळ पुन्हा केला तेव्हा कळलं. ओरडून सांगितलं. लोक म्हणाले, मामा जळतो."

"मग मला फरफटत का नाही नेलंस रे?" तिचा आवाज चिरकला. "दोन मुस्कटात द्यायच्या होत्यास मला. पोराला खांद्यावर टाकून न्यायचं होतंस. बाळ्या, तू एकटा शहाणा होतास ना? मग का नाही नेलंस?"

मामाही स्वतःला हेच विचारत होता. आजही विचारतो.

पुढच्या सामन्याला ताई मैदानावर गेली. रंगगुरूसमोर पैलवानाला उभं केलं, आणि उलटं करून दाखवलं: काळं कापड देऊन मनगट दाबलं, हात खाली, फिकं देऊन दंडाला लोंबकळली, हात वर. मग खरवडलेली बाटली उंच धरून ओरडली, "ह्या थेंबांनी माझ्या पोराचा डोळा खाल्ला! डॉक्टरांना विचारून या!" लोक हसायचे थांबले. पैलवान तर मान खाली घालून बेसवर जाऊन उभा राहिला. पण रंगगुरू काय म्हणाला असेल? म्हणाला, "बाईंच्या हातात इस्त्रीची धग आहे, त्यांची गोष्ट निराळी!" आणि अर्ध्या गर्दीने मान डोलावली. देवाशपथ, डोलावली! डॉक्टरीणबाईंनी तक्रार केल्यावर चौकशीची माणसं आली, तोवर तो गठ्ठा बांधून दुसऱ्या गावी गेला होता. मामाने सेक्रेटरीला विचारलं, आता अंपायरच्या शर्टांचं काय? तो म्हणाला, "काळे शिवून झालेत हो. राहू द्या."

तो इस्त्रीचा ठसा पडलेला फिका निळा शर्ट आता ताईच्या दुकानात समोरच्या भिंतीवर टांगलेला असतो. त्याच्या खिशाजवळ तिने एक पांढरं बटण शिवलंय. गिऱ्हाईक कपडे द्यायला आलं की ती आधी सांगते, "एक डोळा झाका. बटण दिसतं का? आता दुसरा झाका." लोक हसतात, पण झाकतात. कपडे हवे असतात ना! दोघा-तिघांना एका डोळ्याने बटण सापडलं नाही. त्यांना तिने दुकान बंद करून स्वतः डॉक्टरीणबाईंकडे नेलं, एकाला तर दंड धरून.

टोल्या दुकानात घड्या घालतो. उजवा डोळा वाचला. बेसबॉल सुटला. संध्याकाळी मामा शाळेतून येतो, तिघं चहा पितात. एके दिवशी टोल्याने चांगला डोळा तळहाताने झाकला, मग खुर्ची भिंतीकडे वळवली आणि तो बराच वेळ समोर बघत राहिला.

"मामा," तो हळूच म्हणाला, "दिसतंय बहुतेक. निळं दिसतंय. बटण पण. पुसटसं, पण आहे."

मामाचा पेला हातातच राहिला. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग ताईकडे. ह्या वेळीही काही न बोलणं किती सोपं होतं! पोराला तेवढंच सुख.

ताईने इस्त्री उभी करून ठेवली, मुलाजवळ गेली आणि त्याच्या डोळ्यावरचा हात अलगद काढला.

"शर्ट मघाशीच धुवायला काढलाय रे राजा," ती म्हणाली. "भिंतीवर काही नाही."

टोल्या उघड्या डोळ्याने रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिला. मग त्याने आईच्या कुशीत तोंड खुपसलं आणि एवढा दांडगा गडी हुंदके देऊन रडला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणत होती, "आपल्याला जे दिसावंसं वाटतं तेच दिसतं, बाळा. मलाही दिसत होतं. म्हणून झाकून बघायचं, आणि खरं काय ते कुणालातरी विचारायचं."

तर वाचणाऱ्यांनो, रंगगुरू आज कुठल्या गावात आहे, काय विकतोय, मला ठाऊक नाही. तुमच्या गावात असेल तर त्याच्या कापडाकडे बघू नका, बोटांकडे बघा. आणि हे वाचून झालं की आधी एक डोळा झाका, मग दुसरा. काही कमी दिसलं तर डॉक्टरकडे जा. आपलं माणूस जात नसेल तर भांडा, रडा, पण त्याला घेऊन जा. मामाला ते जमलं नाही.